माझगावातलं चिनी देऊळ : देऊळ आधी की खोली आधी?

पायपीट_हार्बर (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत होतं, शेवटी गेल्या रविवारी सकाळी डॉकयार्ड रोडला उतरलो आणि नवाब टँक रोडवरचं चिनी देऊळ बघून आलो. हार्बर लाईननं त्या स्टेशनावरून किती वेळा गेलो असेन त्याचा हिशोब नाही पण खाली उतरायची बुद्धी कधी झाली नव्हती.

आधीच सांगतो, बाहेरून बघाल तर फसाल. देऊळ म्हटलं की आपल्याला कळस पाहिजे, निदान एखादी कमान तरी. इथं आजूबाजूला आहेत तसलीच जुनी इमारत, फक्त दार लालभडक आणि वर चिनी अक्षरं. मी दोनदा समोरून गेलो आणि दोन्ही वेळा पुढे निघून गेलो, शेवटी एका पानवाल्यानं मानेनंच दाखवलं. आत जिना चढून गेलं की मात्र दुसराच मुलूख. सगळं लाल आणि सोनेरी, उदबत्तीच्या धुराचा वास भिंतीत मुरलेला. ग्वान गोंग म्हणजे लाल तोंडाचा, छातीपर्यंत दाढी असलेला सेनापती. ग्वान यिन म्हणजे करुणेची देवी. शिवाय सुख, संपत्ती आणि दीर्घायुष्य देणारे तीन म्हातारे. आणि बांबूच्या काड्यांचा एक डबा, तो हलवायचा, जी काडी बाहेर पडेल तिच्यावरच्या नंबराप्रमाणे तुमचं भविष्य. आपल्याकडे कौल लावतात तसंच.

देवळाचं नाव सी यप कून, बांधलं १९१९ साली. सी यप म्हणजे चार तालुके. दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातले (जुन्या लोकांचं कँटन हो) ताइशान, शिनहुइ, काइपिंग आणि एनपिंग. तिकडून बोटीवर कामाला आलेले खलाशी, गोदीतले कामगार, सुतार वगैरे लोकांनी मिळून हे उभं केलं. आता एक चिनी कुटुंब पिढ्यानपिढ्या त्याची देखभाल करतंय.

तर प्रश्न असे. एक, ह्याला बौद्ध मंदिर म्हणायचं का? नेटवर कुणी बौद्ध लिहितं, कुणी ताओ. दोन, चार तालुक्यांचं नाव देवळाला कशाला? आपण कधी 'राजापूर-लांजा-देवगड-कणकवली गणपती मंदिर' म्हणतो का? माहीतगारांनी प्रकाश टाकावा.

भाकरी_तुकडा

वाखुसा (वाचनखूण साठवली). पॉपकॉर्न घेऊन बसतो.

गोदीवाला

छान विषय काढलात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'कून' ह्या शब्दात आहे. कून म्हणजे देऊळ नव्हे, कून म्हणजे सभागृह, उतरायची जागा, धर्मशाळा म्हणा. चिनी माणूस परमुलखात गेला की पहिली गोष्ट काय करायचा तर आपल्या तालुक्यातल्या लोकांची अशी एक जागा करायचा. नवीन पोरगा बोटीतून उतरला, भाषा येत नाही, खिशात दमडी नाही, तर त्यानं जायचं कुठं? कूनवर. तिथं झोपायला जागा, कुणीतरी ओळखीचा, कामाची खबर, गावाला पत्र लिहून देणारा, आणि मेला तर खांदा द्यायला चार माणसं. देव एका कोपऱ्यात असायचाच. पुढं लोक स्थिरावले, आपापली बिऱ्हाडं झाली, उतरायची गरज संपली, आणि देव तेवढा राहिला. म्हणून आज आपल्याला ते देऊळ दिसतं.

आणि 'राजापूर-लांजा गणपती मंदिर' नसतं असं कोण म्हणतं? गिरणगावात गावकीचे गाळे होते की. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळीपाळीनं झोपायची, भिंतीला ओळीनं ट्रंका, आणि एका फळीवर ग्रामदैवताचा फोटो. गिरण्या बंद पडल्या नसत्या आणि माणसं विखुरली नसती तर त्यातल्या एखाद्या गाळ्याचं आज देऊळ झालेलं तुम्ही बघितलं असतंत.

दोन_आणे

@गोदीवाला, गाळ्यांचं एकदम पटलं. आमचे आजोबा आजऱ्याहून येऊन परळला असेच गाळ्यावर राहिले. सणाला आरती गाळ्यावरच व्हायची.

तारवटी

गोदीवाले साहेब, गाळ्यापेक्षा जवळचं उदाहरण माझगावातच आहे, आम्हा गोंयकारांच्या कुडी! माझे आजोबा बोटीवर होते, भटारखान्यात. बोटीवरच्या माणसाला आमच्यात तारवटी म्हणतात, म्हणून हे नाव घेतलंय. मुंबईत गोव्याच्या गावागावाची कूड असायची, धोबीतलावला बऱ्याच, माझगावातही. महिन्याला थोडेसे पैसे भरायचे, आपली ट्रंक ठेवायची, बोट मिळेपर्यंत तिथंच मुक्काम. आणि प्रत्येक कुडीत गावच्या संताची वेदी असणारच. संध्याकाळी रोझरी सक्तीची, पिऊन आला असशील तरी गुडघ्यावर बस, नाहीतर ट्रंक उचल. अजून काही कुडी चालू आहेत.

गंमत सांगतो. आजोबा त्या इमारतीला कधी देऊळ म्हणाले नाहीत. त्यांच्या तोंडी कायम 'चिन्यांची कूड'. मला लहानपणी वाटायचं म्हाताऱ्याला कळत नाही.

पायपीट_हार्बर

@तारवटी, जबरदस्त! आजोबांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. पण मग १९१९ च्या आधी काय? हे लोक इथं कधीपासून?

गोदीवाला

नीट तारीख लावता येणार नाही पण मुंबई-कँटन जाण्या-येण्याचा रस्ता जुना आहे. इथून कापूस आणि माळव्याची अफू जायची, तिकडून चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी यायची. पहिले जमशेटजी जीजीभाई स्वतः पाच वेळा चीनला जाऊन आले. मुंबईतल्या कितीतरी हॉस्पिटलांच्या आणि कॉलेजांच्या पायात तो अफूचा पैसा आहे, असो, तो वेगळा धागा होईल. बोटी इथून तिकडे गेल्या की तिकडची माणसंही बोटीवर चढणारच.

माझगावात पी अँड ओ कंपनीची गोदी होती. गोदी म्हटलं की सुतार आले, फिटर आले, भट्टीवर काम करणारे आले. एक वस्ती ही माझगावची आणि दुसरी कामाठीपुऱ्याला शुक्लाजी स्ट्रीटला. तिथं खानावळी, चपलांची दुकानं, दातांचे डॉक्टर, आणि हो, अफूचे अड्डे पण. कलकत्त्याची कथा जास्त जुनी. तिथं तोंग अचू नावाच्या चिन्याला वॉरन हेस्टिंग्जनं १७७८ साली बज बजजवळ जमीन दिली, त्यानं ऊस लावला, साखर कारखाना काढला. त्या जागेला आजही अचीपूर म्हणतात. तिथं त्याची घोड्याच्या नालाच्या आकाराची लाल समाधी आहे आणि चिनी नववर्षाला कलकत्त्यातले चिनी तिथं जातात.

घाटमाथा

अवांतर होईल पण लिहितोच. महाराष्ट्रातले चिनी म्हटलं की सगळे मुंबईच बघतात. महाबळेश्वरला चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता! इंग्रजांनी पेनांग-सिंगापूरकडून आणून ठेवलेले कैदी, १८६४ च्या सुमारास तो तुरुंग बंद झाला. ह्या लोकांनी तिथं भाजीपाल्याचे मळे केले, बटाटा लावला, वेताच्या टोपल्या विणल्या. चायनामन फॉल बघायला जाता ना, ते नाव उगाच नाही पडलं, तिथं आसपास त्यांचे मळे होते. म्हंजे आपण ज्या महाबळेश्वरी भाज्यांचं कौतुक करतो त्याची मुळं जन्मठेपेच्या कैद्यांकडं जातात. त्यांचं देऊळबिऊळ काही राहिलं नाही. कैद्यांना कोण कून बांधू देतो.

लेणीवेडा

पहिल्या प्रश्नाकडे कुणी वळेना म्हणून मीच वळतो. बौद्ध की नाही?

ग्वान यिन म्हणजे अवलोकितेश्वर. म्हणजे आपला, अजिंठ्याच्या १ नंबर लेण्यातला पद्मपाणी, ज्याचा फोटो दर दुसऱ्या एसटी स्टँडवर पर्यटन खात्याच्या बोर्डावर असतो तो. संस्कृतातला पुरुष बोधिसत्त्व चीनमध्ये गेला आणि काही शतकांत, साधारण सोंग राजवटीपर्यंत, बाई झाला. नावाचा अर्थ 'जगाचा आवाज ऐकणारी'. कुणी हाक मारली की ती धावून येते, एवढंच तिचं काम.

आता ह्या देवतेचा मूळ कागद कुठला? सद्धर्मपुंडरीक सूत्र ह्या महायान बौद्ध ग्रंथाचं एक प्रकरण, कुमारजीवाच्या चिनी भाषांतरात पंचविसावं. (कुमारजीवानं भाषांतर केलं ते इसवी सन ४०६ मध्ये.) त्यात यादीच दिलीय: आगीत सापडलात, पुरात सापडलात, चोरांनी गाठलं, बेड्या पडल्या, बोट वादळात भरकटली, तर अवलोकितेश्वराचं नाव घ्या. आणि ही यादी दगडात कोरलेली बघायची असेल तर चीनला जायला नको, बोरिवलीला जा! कान्हेरीच्या ९० नंबर लेण्यात आहे. मधोमध अवलोकितेश्वर आणि दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या चौकटींत संकटं. औरंगाबादच्या ७ नंबर लेण्यात ह्याहून मोठं शिल्प आहे, त्यात बुडणारी होडी इतकी स्पष्ट आहे की पोरंसुद्धा बोट दाखवून सांगतात. कान्हेरीलाच ४१ नंबरात अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर आहे, तो तर भारतात दुर्मीळ.

का कोरलं असेल इथं? कारण कान्हेरीला पैसा देणारे लोक कोण तर सोपारा-कल्याणचे व्यापारी. त्यांची बोट बुडाली की घर बुडालं. त्यांना बोट वाचवणारा देव हवा होता. आणि हजार-दीड हजार वर्षांनी त्याच समुद्रावर, माझगावच्या धक्क्यावर, चिनी खलाशी उतरतात आणि बोट वाचवणारी तीच देवी खांद्यावरून घेऊन येतात. कान्हेरी ते माझगाव लोकलनं तासा-सव्वातासाचं अंतर, देवीला एवढं यायला सगळं आशिया फिरून यावं लागलं. मला तरी ह्या विचारानं अंगावर काटा येतो.

भाकरी_तुकडा

हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका राव.

शंकासुर

लेणीवेडा, काटा येऊ द्या पण थोडं थांबा. तुम्ही लिहिलंय असं की जणू अवलोकितेश्वर कान्हेरीच्या धक्क्यावरून बोटीत बसला आणि कँटनला उतरला. सूत्र चीनला गेलं ते मुख्यतः मध्य आशियातून, खुष्कीच्या वाटेनं. कुमारजीव स्वतः कुचाचा, म्हणजे पार आजच्या शिंजियांगमधला. आणि त्याच्याही आधी २८६ साली धर्मरक्षानं एक भाषांतर केलेलं आहे. कान्हेरीची, औरंगाबादची ही शिल्पं त्याच्या कितीतरी नंतरची. तेव्हा 'इथून गेली आणि परत आली' हे ऐकायला गोड आहे पण इथून 'गेली' ह्याला आधार काय? दोन्हीकडे एकाच झाडाच्या फांद्या आल्या म्हणा, हवं तर.

लेणीवेडा

@शंकासुर, मान्य. फांद्यांचं चालेल. उत्साहाच्या भरात लिहून गेलो. पण समुद्राची वाट अगदीच नव्हती असंही नाही हं. चिनी भिक्षू फाहियान आठवा. तो आला खुष्कीनं पण परत गेला समुद्रानं, श्रीलंकेहून. दोनेकशे माणसांची व्यापारी बोट, वादळ झालं, बोटीला भोक पडलं, व्यापारी माल समुद्रात फेकायला लागले. ह्यानं आपला तांब्या-घंगाळ फेकून दिलं पण भीती ही की हे लोक माझी पुस्तकं फेकतील. तेव्हा त्यानं कुणाचा धावा केला? ग्वान यिनचा. त्यानंच लिहून ठेवलंय. पुढच्या बोटीवर तर कहर, परत वादळ आलं तेव्हा बोटीवरचे ब्राह्मण म्हणाले ह्या भिक्षूमुळेच आपल्यावर संकट आलंय, ह्याला एखाद्या बेटावर उतरवून टाका! एका यजमानानं बाजू घेतली म्हणून वाचला. तर हिंदी महासागरात चिनी माणूस ग्वान यिनला हाक मारतोय हे दृश्य पाचव्या शतकापासूनचं आहे, एवढं तरी पदरात टाका.

शंकासुर

टाकलं :) फाहियानचा मुद्दा भारी.

मूकनायक_वाचक

जय भीम सर्वांना. मी माझगावलाच काही वर्षं नोकरी केली, जेवणाच्या सुट्टीत एकदा कुतूहलानं त्या देवळात गेलो होतो. खरं सांगू का, आत गेल्यावर पहिलं मी बुद्ध शोधला. आमच्या विहारात समोर बुद्ध आणि बाबासाहेब, त्रिसरण-पंचशील, संपलं. इथं दाढीवाला सेनापती, हातात भलामोठा भाला, पुढं संत्री, उदबत्त्या, नवस, काड्या टाकून भविष्य. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या माणसाला हे बौद्ध म्हणून पचवायला जड जातं. १९५६ साली आमच्या आज्या-आजोबांनी जे मागं टाकलं त्यातलं बरंचसं तिथं मांडून ठेवलेलं दिसलं.

पण तिथं एक म्हातारी चिनी बाई होती, फक्त हात जोडून उभी, बराच वेळ, काहीच मागत नसल्यासारखी. मी पण थोडा वेळ उभा राहिलो. सेनापतीचं काय प्रकरण आहे ते मात्र कुणीतरी सांगा.

लेणीवेडा

जय भीम. प्रामाणिक प्रतिसाद आवडला. सेनापती म्हणजे ग्वान यू, खरा माणूस, हान राजवटीच्या शेवटी होऊन गेला, इसवी सन २२० च्या सुमारास मारला गेला. दिलेल्या शब्दाला जागणारा म्हणून त्याची ख्याती. पुढे तो देव झाला: व्यापाऱ्यांचा, पोलिसांचा, आणि गंमत म्हणजे गुंडांचाही. ज्यांचं पोट शब्दावर चालतं त्या सगळ्यांचा. परमुलखात भागीदारीत धंदा करणाऱ्यांना असलाच देव लागतो, त्याच्यासमोर शपथ घेतली की कागद लागत नाही. आपल्याकडं भंडारा उचलतात तसं.

आणि बौद्ध धर्मात त्याला जागा आहे. दंतकथा अशी की ग्वान यूचं भूत यूच्वान डोंगरावर 'माझं डोकं परत द्या' म्हणून ओरडत हिंडायचं, तिथं भिक्षू झियी यांनी त्याला उपदेश केला, मग तो शांत झाला आणि धर्माचा रक्षक झाला. चीनमधल्या बौद्ध विहारांत संघारामाचा रखवालदार म्हणून त्याची मूर्ती असते. ताओवाले त्याला आपला म्हणतात, कन्फ्यूशसवाले आपला म्हणतात. खलाशाला ह्यात काही अडचण नव्हती, अडचण आपल्याला आहे कारण आपल्याकडं जनगणनेचा फॉर्म भरावा लागतो.

शंकासुर

शेवटचं वाक्य चोरतोय.

यारा_नदीकाठ

मेलबर्नहून नमस्कार. धागा वाचून उडालोच. इथं साउथ मेलबर्नला सी यप टेंपल आहे! मी चार वर्षं त्याच्यापासून वीस मिनिटांवर राहतो आणि सी यप म्हणजे काय ते आज माझगावच्या धाग्यावरून कळलं. तिथंही मुख्य देव ग्वान गोंगच. जागा १८५६ पासूनची, आत्ताची मुख्य इमारत १८६६ ची. इथं मात्र खलाशी नव्हे, सोनं शोधायला आलेले लोक. त्याच चार तालुक्यांतले.

त्या लोकांची एक गोष्ट इथं सगळ्यांना माहीत असते. १८५५ मध्ये व्हिक्टोरिया सरकारनं बंदरावर उतरणाऱ्या प्रत्येक चिन्यावर दहा पौंड कर लावला. मग ह्यांनी काय केलं तर बोटी शेजारच्या वसाहतीत, रोब नावाच्या छोट्या बंदरात लावल्या, आणि तिथून चारशेच्या वर किलोमीटर चालत सोन्याच्या खाणीपर्यंत आले. हजारोंनी. कावडीला सामान बांधून, ओळीनं. मंदिरात बाजूच्या दालनात मेलेल्यांच्या नावाच्या पाट्या आहेत, भिंतभर, बारीक बारीक, हजारोंनी. मागच्या वर्षी आई आली होती तेव्हा तिला घेऊन गेलो, तिनं त्या पाट्या बघून विचारलं, ह्यांचे पितर कोण घालतं? मला उत्तर देता आलं नाही. बहुतेक पुरुष एकटेच आले होते, कित्येकांना बायकामुलं परत दिसलीच नाहीत.

माझगावच्या देवळात अशा पाट्या आहेत का?

पायपीट_हार्बर

@यारा_नदीकाठ, वाह, वाचून सुन्न झालो. पाट्या माझ्या लक्षात नाही आल्या, पुढच्या वेळी बघतो. पण मुंबईत चिन्यांची दफनभूमी अँटॉप हिलला आहे आणि एप्रिलच्या सुरुवातीला चिंगमिंगच्या दिवसात लोक तिथं थडगी साफ करायला, अन्न वाढायला जातात. आईंना सांगा, पितर घालतात.

राष्ट्रप्रथम_७७

सगळं ठीक आहे पण सीमेवर काय चाललंय ते बघता चिन्यांचं एवढं कौतुक कशाला? ६२ विसरलात का?

गोदीवाला

नाही विसरलो, आणि ते लोक तर अजिबातच विसरले नाहीत. ६२ चं काढलंत तर पूर्ण काढू.

२० ऑक्टोबरला युद्ध सुरू झालं, २१ नोव्हेंबरला थांबलं. महिनाभराचं युद्ध. पण भारतातल्या चिन्यांचं युद्ध त्यानंतरही संपलं नाही. कायदे बदलले, आणि आसाम, दार्जिलिंग, कलकत्ता वगैरे भागातली साधारण तीन हजार माणसं, बायकापोरांसकट, उचलून राजस्थानात देवळीच्या कँपात नेऊन टाकली. त्यात इथंच जन्मलेले होते, ज्यांना चिनी धड बोलता येत नव्हतं असे होते. काही लोक १९६७ पर्यंत आत होते, युद्ध संपून चार-पाच वर्षं झाल्यावर! (हाच देवळीचा कँप दुसऱ्या महायुद्धात मलायातून आणलेल्या जपानी लोकांसाठी वापरला होता. कँप तोच, माणसं बदलली.) जे बाहेर राहिले त्यांना पोलिसात नोंदणी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, नोकऱ्या गेल्या, दुकानाच्या पाट्या उतरल्या. मग जो तो कॅनडा, ऑस्ट्रेलिया, तैवान, जिथं दार उघडं दिसेल तिथं गेला. माझगावची वस्ती विरळ झाली ती तेव्हापासून. ग्वान गोंग बिचारा लढाईतला देव असून ह्यात काही करू शकला नाही.

ह्या लोकांनी हल्ला केला नव्हता. हे तुमच्या-माझ्या दाढा काढत होते आणि चपला शिवत होते.

दोन_आणे

आमच्या लालबागला एक चिनी दंतवैद्य होता म्हणे, वडील सांगायचे. ६२ नंतर पाटीवरचं नाव बदललं, पण पेशंट तेच राहिले, दातदुखीला कुठलं राष्ट्र.

राष्ट्रप्रथम_७७

देवळी कँपचं खरंच माहीत नव्हतं. वाचतो.

खादीचा_टॉवेल

उशिरा आलो. सद्धर्मपुंडरीकाचा विषय निघालाच आहे तर वरळीच्या जपानी मंदिराचं कुणी लिहिलं कसं नाही? पोदार हॉस्पिटलजवळचं, निप्पोन्झान म्योहोजी. संध्याकाळी बसमधूनसुद्धा ढोलाचा आवाज ऐकू यायचा. ते निचिदात्सु फुजी गुरुजींचं. गुरुजी १९३१ मध्ये भारतात आले, १९३३ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींना भेटले. ते ढोलावर जे म्हणत ते 'नम्यो हो रेंगे क्यो', म्हणजे सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमन. बापूंना ते इतकं आवडलं की आश्रमाच्या प्रार्थनेची सुरुवातच त्यानं व्हायला लागली. आमच्या घरी आजी रोज सकाळी म्हणायची, तिला तो जपानी आहे हे माहीतच नव्हतं, ती संस्कृतच समजायची :) (तिचं फार चुकत नव्हतं, मूळ संस्कृतच की.) सेवाग्रामला राहणाऱ्या जपानी भिक्षूला जपान युद्धात उतरल्याबरोबर पोलिसांनी पकडून नेलं, म्हणजे ६२ चाच प्रकार वीस वर्षं आधी. वरळीच्या मंदिराला पुढे बिर्लांनी पैसा दिला, राजगीरचा १९६९ चा शांतिस्तूप, वर्ध्याचा १९९३ चा, हे सगळं गुरुजींच्या संघाचंच काम. ते स्वतः १९८५ साली गेले, शंभरीला टेकले होते.

म्हणजे एकाच पुस्तकाच्या दोन शाखा मुंबईत, माझगावला चिनी आणि वरळीला जपानी.

लेणीवेडा

@खादीचा_टॉवेल, आणि बोरिवलीला दगडातली तिसरी! अजून एक: कान्हेरीच्या त्याच ९० नंबर लेण्यात पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ ला पारशी लोक बघायला आले आणि आपली नावं लिहून गेले. म्हंजे 'आम्ही येऊन गेलो' हा रोगसुद्धा हजार वर्षं जुना आहे.

तारवटी

फरक आहे पण. वरळीचं मंदिर भिक्षूंनी काढलं, शिकवायला. माझगावचं खलाशांनी काढलं, झोपायला.

भाकरी_तुकडा

पॉपकॉर्न संपले, आता भूक लागली. देवळाच्या आसपास खरं चिनी जेवण मिळतं का? मंचुरियन नको, ते आपल्या मुंबईतच जन्मलंय म्हणतात.

पायपीट_हार्बर

@भाकरी_तुकडा, तिथं चिनी काही दिसलं नाही, मी वडापाव खाल्ला.

चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री मात्र देऊळ उशिरापर्यंत उघडं असतं आणि तेव्हा विखुरलेले सगळे येतात, मोठी लाल उदबत्ती लावतात. त्या रात्री जायचा विचार आहे. कोण कोण येतंय? मेलबर्नवाल्यांसाठी पाट्या बघून फोटोची परवानगी मागेन. लेणीवेडा, तुम्ही सकाळी कान्हेरी दाखवत असाल तर आधी बोरिवली, मग हार्बर.

लेणीवेडा

येतो. पण त्या दिवशी सोमवार आला तर कान्हेरी बंद असते, आधी तारीख बघा.

मूकनायक_वाचक

मी पण. काड्यांचा डबा हलवणार नाही, पण येतो.

तारवटी

डॉकयार्ड रोडला पुलाखाली भेटा, संध्याकाळी सातला. आजोबांची कूड पण तिथूनच चालत जायच्या अंतरावर, चालू असली तर दाखवतो.